घरची तुळई आहे, स्टूल मीच करू का?

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका गावात राहते. आमच्या स्वयंपाकघरातला माळा सात फुटांवर आहे. वर्षाचे पापड, कुरडया, डाळीचे डबे सगळं तिथंच. सासूबाई सत्तरीला आल्यात, तरी कुणाला न सांगता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाट ठेवून चढतात. दिवाळीआधी खुर्चीचा पाय घसरला आणि त्यांचं मनगट मोडलं. भूकंपानंतर सासऱ्यांनी माळवद उतरवलं, तेव्हाची एक तुळई गोठ्यात पडून आहे. चार फूट लांब, दहा इंच रुंद, सहा इंच जाड. सागवानी आहे म्हणतात. तिच्यातून दोन पायऱ्यांचं पक्कं स्टूल मी स्वतः करायचं म्हणते. घरात करवत, हातोडी, गुण्या (काटकोन बघायची पट्टी) आणि एक साधं ड्रिल आहे. मालक म्हणतात, "ते आपलं काम नाही, लातूरहून विकत आणू." जाड लाकूड घेऊन मोठे खिळे मारले तर टिकेल ना? उंची किती ठेवू? हे लाकूड चालेल का? आणि बाईमाणसाला हे जमेल का, तेही खरंखरं सांगा.

एक वाचक, औसा

उत्तर

ताई, सासूबाईंचं मनगट सांधलं का? या वयात हाड जुळायला वेळ लागतो. त्या हातानं कळशी उचलायची घाई त्यांना करू देऊ नका.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं तुम्ही मोकळ्या मनानं वाचाल. जमेल. मी नोकरीभर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं. करवतीला ताकद लागते हा समज मी कित्येक पोरांच्या डोक्यातून काढला आहे. जो जोर लावतो त्याचीच करवत तिरकी जाते. रेघेवर दात टेकवायचे, पहिले दोन-चार फेरे हलके द्यायचे, मग करवत तिच्या वजनानं चालू द्यायची. शिवणकाम, विणकाम केलेल्या हाताला माप काटेकोर घ्यायची सवय असते आणि या कामात निम्मं यश मापाचं आहे. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं तयार स्टूल वाईट असतं असं मी म्हणणार नाही. मालकांनी आणायचं म्हटलं तर तेही चालेल. पण घरात असं लाकूड पडलेलं असताना आणि तुमच्या मनात असताना, करा.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. "जाड लाकूड घेऊन मोठे खिळे मारले तर टिकेल ना?" नाही टिकणार, ताई. वर्षभर टिकल्यासारखं वाटेल आणि मग एके दिवशी दगा देईल.

माणूस स्टुलावर चढतो तेव्हा वजन सरळ खाली येत नाही. आधी एक पाय वर, मग सगळं अंग पुढं, मग दुसरा पाय. प्रत्येक चढण्या-उतरण्यात स्टूल थोडं पुढं, थोडं बाजूला ढकललं जातं. तो सगळा हिसका खिळ्यावर आला की खिळा भोकात किंचित हलतो, भोक केसभर मोठं होतं. पुढच्या वेळी आणखी केसभर. स्टूल डुगडुगायला लागतं ते असं. तुम्ही लाकूड दुप्पट जाड घेतलंत तरी खिळा तोच, भोक तेच. 

म्हणून माझं एकच सांगणं धरून ठेवा, बाकी सगळं त्यातून निघतं. वजन लाकडावर पडू द्या, स्क्रूवर नको. स्क्रूचं काम लाकडाला जागेवर धरून ठेवायचं, ओझं पेलायचं नाही. तुमचं माळवद आठवा. खाली खांब, खांबावर तुळई टेकलेली, तुळईवर आडवी लाकडं, त्यावर किलचन, म्हणजे बारीक लाकडांचा थर, आणि वर मातीचा जाड थर. एवढं ओझं पिढ्यान्‌पिढ्या राहिलं ते लाकूड लाकडावर टेकलेलं होतं म्हणून. स्टूलही तसंच करायचं आहे. पायरी खालच्या उभ्या फळीच्या डोक्यावर बसली पाहिजे, फळीच्या अंगाला स्क्रूनं लटकलेली नको. उभ्या रेषांचं लाकूड उभ्यानं दाबलं तर सगळ्यात जास्त ओझं घेतं.

आता तुळईकडं येऊ. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप झाला त्याला तीस वर्षांवर होऊन गेली. त्याआधी ती घरात किती वर्षं होती कोण जाणे. म्हणजे लाकूड पुरतं वाळलेलं आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. बांधावरचं ताजं बाभळीचं किंवा लिंबाचं लाकूड घेतलं असतं तर मी तुम्हाला वर्षभर थांबायला सांगितलं असतं. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष वाळवायचं, असा सुतारांचा जुना हिशोब आहे. ओलं लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे सांधे उघडतात आणि फळी पिळवटते. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, हे आकसणं महिना-दोन महिन्यांत डोळ्यांना दिसतं.

पण गोठ्यात पडलेली आहे म्हणता, तेव्हा तिला आधी तपासा. तुळई उन्हात काढा, ब्रशनं माती झाडा आणि पेचकसाचं टोक जागोजागी दाबून बघा, जमिनीला टेकलेल्या बाजूला तर जास्तच. टोक सहज आत शिरलं तर तो भाग वाळवीनं किंवा कुजण्यानं गेलेला आहे. हातोडीनं ठोकत जा. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ झालेलं भद्द वाजतं. बारीक भोकं दिसली तर तुळई कागदावर ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर मैद्यासारखी पूड पडली असेल तर किडा अजून आत जिवंत आहे. तेवढा भाग काढून टाका, तो घरात आणू नका. सागवानाचा आतला गडद भाग वाळवीला दाद देत नाही. सालीलगतचा फिकट भाग मात्र खाल्ला जातो. आणि ते सागवान आहे की नाही हे एका कोपऱ्यावर रंधा मारल्यावर लगेच कळेल. सोनेरी तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकट आणि चामड्यासारखा वास. बाभूळ निघाली तरी निराश होऊ नका, बैलगाडीच्या चाकाला आणि औतांना तीच वापरत आले. वजनाला जड आणि कापायला चिवट, एवढंच.

एवढी तुळई हातानं चिरायच्या भानगडीत पडू नका. तीस किलोच्या आसपास भरेल ती. दोघांनी उचलून जवळच्या आरा मशीनवर न्या. नेण्याआधी चुंबक फिरवून एकूण एक खिळा शोधून काढा. आतला खिळा पात्याला लागला तर पातं तुटतं, त्यामुळे जुनं लाकूड बघून मशीनवाला नाही म्हणू शकतो. खिळे काढल्याचं सांगा, भोकं दाखवा, तो तयार होईल. त्याला म्हणा, दहा इंची रुंदी तशीच ठेवून एक-एक इंचाच्या फळ्या काढ आणि दोन्ही बाजूंनी रंधा मारून ७ सूत कर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सहा इंचात पाच फळ्या निघतील. चार कामाच्या, पाचवी चुकीला राखून. चिरताना, घासताना नाकाला रुमाल बांधा. सागवानाच्या भुशानं काहींना शिंका येतात, अंग खाजतं.

उंची १८ इंच ठेवा. पहिली पायरी ९ इंचांवर, दुसरी १८ वर. पाच फूट उंचीच्या बाईचा हात जमिनीवरून साधारण सव्वासहा फुटांपर्यंत जातो. दीड फूट वर गेलात की साडेसात फुटांच्या पुढं पोचतो, म्हणजे सात फुटांवरच्या माळ्याच्या काठावरचा डबा दोन्ही हातांनी धरता येतो. याहून उंच करू नका. उंची वाढली की पायथाही तेवढाच पसरावा लागतो, मग ते स्वयंपाकघरात मावत नाही.

मापं अशी. मागच्या उभ्या फळ्या दोन, पूर्ण १० इंच रुंद, १७ इंच १ सूत उंच. त्यावर ७ सुताची पायरी बसली की बरोबर १८. पुढच्या उभ्या फळ्या दोन, ८ इंच रुंद, ८ इंच १ सूत उंच. वर पायरी आली की ९. लाकडाच्या रेषा या चारही फळ्यांत उभ्या हव्यात. आडव्या रेषांची उभी फळी एका ठोसक्यात दुभंगते. वरची पायरी १८ इंच लांब, १० इंच रुंद, कारण तिथं अख्खं पाऊल मावलं पाहिजे. खालची १८ बाय ९. पायऱ्यांत रेषा लांबीच्या दिशेनं. पाठीला १७ बाय ८ ची एक फळी, पुढं खालच्या पायरीखाली १७ बाय ३ ची एक. आतून जोडायला २ इंच रुंदीच्या पट्ट्या, १६ इंच लांब चार आणि ८ इंच लांब दोन. पुढच्या उभ्या फळ्या ८ इंचांच्या करताना जी दोन इंची पट्टी उरते, तीच या शेवटच्या दोन पट्ट्यांना लावा.

कापायच्या आधी गुण्या लावून चारही बाजूंनी रेघ ओढा, एकाच बाजूला नाही. दोन्ही मागच्या फळ्या एकमेकींवर ठेवून बघा. सुताचाही फरक राहिला तर लांब फळी रंध्यानं किंवा पॉलिश पेपरनं उतरवा. जोडीची फळी जोडीला तंतोतंत आली की पुढचं काम आपोआप सरळ येतं.

आता सांधा. एका बाजूची पुढची फळी आणि मागची फळी शेजारी-शेजारी उभ्या ठेवा, कड कडेला लावून. दोन्हींचे तळ एका ओळीत, मागची उंच, पुढची बुटकी. पायऱ्यांचा आकार असा आपोआप मिळतो, कुठंही खाच कापायची गरज पडत नाही. जुळणाऱ्या दोन्ही कडा रंध्यानं सपाट करा आणि जोडी खिडकीच्या उजेडासमोर धरा. कडांच्या मध्ये उजेडाची रेघ दिसता कामा नये. जिथं दिसते तिथं लाकूड कमी आहे, म्हणजे बाकीच्या भागावर एक हलका हात आणखी फिरवायचा. पुन्हा उजेडात धरा. याला वेळ लागेल आणि लागू द्या, सगळ्या स्टुलात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही जागा. उभ्या रेषेला उभी रेषा चिकटली की फेविकॉलचा सांधा लाकडाइतकाच पक्का होतो. कडेतून उजेड दिसत असेल तर कितीही फेविकॉल ओता, पोकळी भरून तो सांधा होत नाही.

सागवानात तेल असतं. चिकटवायच्या आधी कडा थिनरच्या फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि त्याच दिवशी जोडा. रंधा मारून ताज्या केलेल्या कडा उत्तम धरतात. क्लॅम्प नसेल तर काळजी नको. फळ्यांभोवती सुती दोरीचे दोन वेढे द्या, मध्ये काठी घालून पीळ द्या, गाडीवर कडबा आवळतात तसा. दोरीखाली कोपऱ्यांना जाड पुठ्ठा ठेवा. कडेतून फेविकॉलचे बारीक मणी सगळीकडून सारखे बाहेर आले म्हणजे ताण बरोबर आहे. एक दिवस हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी आतून १६ इंची पट्ट्या लावायच्या. एक पुढच्या फळीच्या वरच्या काठाला अगदी बरोबरीनं, दुसरी तळापासून दोन इंच वर. इथं एक बारकाई आहे, ती बहुतेक जण सोडतात. पट्टीच्या रेषा आडव्या, फळीच्या उभ्या. फळी पावसाळ्यात रुंदीत किंचित फुगणार, उन्हाळ्यात आकसणार, आणि पट्टी लांबीत हलणार नाही. पट्टी फेविकॉलनं टोकापासून टोकापर्यंत चिकटवून टाकली तर दोन-तीन वर्षांत फळीला उभी चीर जाते. म्हणून फेविकॉल फक्त मधल्या दोन-तीन इंचात, सांध्याच्या आसपास. टोकाकडच्या स्क्रूचं पट्टीतलं भोक कानसेनं आडवं थोडं लांबट करा, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. वरच्या पायरीखाली, मागच्या फळीच्या वरच्या काठाशी, ८ इंची पट्टी अशीच.

स्क्रू ८ नंबरचे घ्या. पट्टी फळीला जोडायला दीड इंची, पाठीच्या फळीला दोन इंची, पट्टीतून वर पायरीत जायला अडीच इंची. काळे जिप्समचे स्क्रू स्वस्त मिळतात, ते घेऊ नका. ते कडक असतात, आडवा हिसका बसला की कटकन तुटतात. लाकडाचे साधे स्क्रू घ्या. भोक पाडल्याशिवाय एकही स्क्रू घालायचा नाही. वरच्या लाकडात साडेचार मिलिमीटर, म्हणजे स्क्रू त्यात सैल जाईल. खालच्या लाकडात तीन मिलिमीटर, म्हणजे आटे धरतील. दोन्हीकडं एकच बारीक भोक पाडलं तर स्क्रू दोन लाकडांना एकमेकांकडं ओढत नाही, मध्ये फट राहते. पीळ जड जायला लागला तर स्क्रूला मेणबत्ती घासा. ड्रिल चालवताना पदर खोचलेला, वेणी मागं बांधलेली, ओढणी असेल तर काढून ठेवलेली. हे मी वर्गातही रोज सांगायचो.

दोन्ही बाजू तयार झाल्या की त्या उभ्या करा, बाहेरून बाहेर १७ इंच अंतर ठेवून, आणि पाठीची ८ इंची फळी मागच्या कडांवर लावा, वरच्या काठाला लागून. प्रत्येक टोकाला तीन स्क्रू, वरचा आणि खालचा एकमेकांपासून होईल तेवढे दूर. आडव्या डुगडुगण्याला अडवते ती हीच फळी. वरच्या आणि खालच्या स्क्रूमधलं अंतर जितकं जास्त, तितकी स्टूल तिरकं व्हायला अडचण जास्त. म्हणूनच दोन इंची पट्टी लावून भागत नाही. पुढं खालच्या पायरीखाली तीन इंची फळी लावा. इथले स्क्रू फळीच्या कडेत जातात, रेषांना आडवे, आणि चांगले धरतात. लाकडाच्या टोकात, जिथं रेषा संपतात तिथं, घातलेला स्क्रू तेवढा धरत नाही. म्हणूनच पायऱ्यांना वरून उभ्या फळीच्या डोक्यात स्क्रू मारू नका. पायरी डोक्यावर ठेवा, आतल्या पट्टीतून खालून वर अडीच इंची स्क्रू द्या. तो पायरीत चार सूतच जाईल, तेवढा पुरे, कारण वजन त्याच्यावर नाहीच.

पायरी बाजूंना अर्धा इंच बाहेर येते, त्याहून जास्त येऊ देऊ नका. स्टूल पडतं ते बहुतेक वेळा मोडून पडत नाही, उलटून पडतं. पायाच्या बाहेर आलेल्या कडेवर पाऊल पडलं की समोरची बाजू उचलली जाते. दिसायला छान म्हणून दोन-तीन इंच बाहेर काढलेली पायरी मी कुणालाही करू देत नसे. तुमच्या स्टुलाचा पायथा १७ इंच रुंद आणि १८ इंच खोल होतो, उंची १८. एवढं भक्कम आहे.

तुमच्याकडं शहाबादी फरशी असेल तर ती कुठंतरी खालीवर असणारच. बाजूची फळी सगळ्या तळानं टेकली तर स्टूल मधल्या उंचवट्यावर डोलत राहतं. तळाला दोन्ही टोकं तीन-तीन इंच सोडून मधला भाग अर्धा इंच कापून टाका, म्हणजे स्टूल चार कोपऱ्यांवर उभं राहील. तरी एक कोपरा अधांतरी राहिला तर ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवून बघा. तिथंही डुगडुगलं तर दोष स्टुलाचा, तिथं स्थिर राहिलं तर फरशीचा. स्टुलाचा असेल तर अधांतरी कोपऱ्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून स्टूल स्थिर करा. मग एका चपट्या लाकडावर पेन्सिल आडवी टेकवून ओट्यावरून फिरवत चारही कोपऱ्यांवर एकाच उंचीची रेघ ओढा आणि त्या रेघेपर्यंत कापा. तिवई कुठंही टेकते खरी, पण लवकर उलटते. चढायच्या कामाला चार कोपरेच हवेत. तळाला जुन्या सायकलच्या टायरचे तुकडे चिकटवा आणि एक-एक बारीक स्क्रू डोकं आत बुडवून घाला. फरशी ओली असली तरी स्टूल सरकणार नाही.

सगळ्या कडा, कोपरे पॉलिश पेपरनं गोल करा, आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी १८०. सासूबाई लुगडं नेसत असतील तर काठ पायरीच्या टोकदार कोपऱ्यात अडकणं हीसुद्धा पडण्याची एक वाट आहे. पाठीच्या फळीला वरच्या बाजूनं चार बोटं जातील अशी खाच करा, उचलायला. स्टूल दहा-अकरा किलो भरेल. तुम्ही हलवाल, त्यांना हलवायला लावू नका. शक्यतो ते माळ्याखालीच कायम असू द्या.

रंग लावू नका. ऑइलपेंट आणि चकचकीत पॉलिश दोन्ही पायाखाली निसरडे. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल फडक्यानं पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा, वाळलं की दुसरा हात. घरचं शेंगदाण्याचं तेल चालणार नाही, ते सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. आणि ताई, हे नीट लक्षात घ्या: जवसाच्या तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही. सुकताना ते आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. अंगणात सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका. लेकरांच्या हाती लागू देऊ नका. पायऱ्यांवर घसरू नये म्हणून हार्डवेअरच्या दुकानात खरखरीत पट्टी मिळते, ती पुढच्या काठाशी चिकटवा.

पहिल्यांदा चढायच्या आधी ५० किलोची दोन पोती वरच्या पायरीवर तासभर ठेवा, सिमेंटची असोत की सोयाबीनची. पोती असतानाच स्टूल दोन्ही बाजूंनी ढकलून बघा. करकर आवाज आला तर कुठंतरी लाकूड टेकलेलं नाही, स्क्रू ओढतो आहे. तो सांधा शोधा, सैल करा, टेकवून पुन्हा आवळा. मग तुम्ही भिंतीला हात लावून चढा. वापरताना स्टुलाची पाठ नेहमी भिंतीकडं, म्हणजे हात लांब करताना झोक भिंतीकडं जाईल.

सासूबाईंसाठी मात्र स्टूल हा अर्धाच उपाय आहे. त्या पहिल्या पायरीपर्यंतच चढतील असं घरात ठरवून टाका. माळ्याशेजारी भिंतीत, त्यांच्या खांद्याच्या उंचीला, दाराला लावतात तसं भक्कम हँडल बसवा, भिंतीत चांगला फास्टनर घालून. आणि त्या कुणाला न सांगता का चढतात, ते बघा. बहुतेक वेळा मागायचा संकोच असतो. कुरडया त्यांनी केलेल्या, डबा त्यांचा, आणि तो काढायला दर वेळी सुनेला हाक मारायची. लागेल तेवढ्या पापड-कुरडया महिन्या-महिन्यानं खाली काढून त्यांच्या हाताशी फडताळात ठेवल्यात तर चढायचं कारणच बरंचसं उरणार नाही. हे त्यांच्याशी बोलून करा, त्यांच्यामागं डबे हलवू नका.

मालकांना आरा मशीनवर सोबत न्या आणि फेविकॉल आवळताना दोरीचं दुसरं टोक धरायला लावा. ते काम खरोखर दोघांचं आहे.

पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा गेल्यावर सगळे स्क्रू एकेकदा आवळून घ्या, लाकूड तेवढ्यात आपली जागा घेतं. पुढं दरवर्षी दिवाळीची झाडलोट करताना तळाचं रबर बघा. झिजून स्क्रूचं डोकं वर आलं असेल तर ते तुकडे बदला, नाहीतर तेच डोकं फरशीवर सरकतं.